तात्यांसोबत आझाद मैदान

आमचे तात्या म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. लालबागच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा "पंधरा दिवसांत मिटंल" म्हणून गावाकडं आले, ते आजवर आजऱ्यातच आहेत. गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज भरलाय, त्यालाही आता डझनभर वर्षं झाली. मार्चमध्ये त्याच घरांसाठी आझाद मैदानात धरणं असल्याचा निरोप आला आणि काकी मला म्हणाल्या, "एकट्याला सोडू नको, तू जा बरोबर." हा त्या दोन दिवसांचा वृत्तांत. गावाकडून आपल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आजऱ्याहून एसटीनं कोल्हापूर आणि रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस. गाडी थेट सीएसएमटीला जाते, त्यामुळं दादरला सामान घेऊन लोकल बदलायची कटकट नाही. खालचा बर्थ मिळेल असंच तिकीट काढा. आम्ही उशिरा काढलं, तात्यांना मधला मिळाला आणि समोरच्या पोरानं मन मोठं केलं म्हणून निभावलं.

उतरल्यावर स्टेशनातच सगळं उरकून घ्या. मैदानाच्या भरवशावर राहू नका, विशेषतः बायका आणि साखरेचे पेशंट. समोरच्या भुयारी मार्गात पहिल्यांदा हमखास चुकायला होतं. महापालिकेच्या बाजूनं वर या, मग महापालिका मार्गानं सरळ चालत राहा. मराठी पत्रकार संघाची इमारत ही खूण. मेट्रोनं येणार असाल तर ॲक्वा लाइनचं सीएसएमटी स्टेशनही जवळच आहे. नाश्ता पंचम पुरीवाल्याकडं केला. तात्यांना त्यांच्या जुन्या खानावळीची आठवण झाली. मग त्या बाईंच्या हातच्या सुक्या बोंबलाचं वर्णन मैदान येईपर्यंत चाललं.

धरण्याची वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६. रात्री मैदानात थांबायचं आता विसरा. अख्खं मैदानही आंदोलनासाठी नसतं, एक ठरलेला भाग असतो आणि पलीकडं पोरांचं क्रिकेट चालू असतं. आम्ही पोचलो तेव्हा दीडेकशे माणसं असतील. तात्यांनी मंडपाकडं बघितलं आणि पहिलं वाक्य बोलले, "आरं, खुर्च्या?"

पूर्वी सतरंज्या असायच्या म्हणे. आता खाली बसलेल्या माणसाला उठवायला दोघं लागतात, म्हणून संघटना खुर्च्या भाड्यानं आणते. मला या आंदोलनाची अवस्था त्या खुर्च्यांवरून जितकी कळली तितकी एकाही भाषणातून कळली नाही. निम्म्या खुर्च्यांवर कामगार होते. बाकीच्यांवर त्यांच्या बायका आणि माझ्यासारखे, मांडीवर प्लास्टिकची फाइल धरून बसलेले वारस. "कोण म्हणतं देणार नाही" ही घोषणा माइकवरून जोरात आली, पण तिचं उत्तर विस्कळीत गेलं. नंतर त्याच माइकवरून सूचना आली, "ज्यांनी बीपीची गोळी घेतली नसेल त्यांनी घ्या."

मागणी मात्र जुनीच आहे, मुंबईतच घर. १९९१ च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग पालिकेला, तेवढाच सरकारी घरं बांधणाऱ्या म्हाडाला आणि उरलेला मालकाला असा हिशेब होता. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली. गिरण्यांच्या आवारात मोकळी जागा असणार किती? पावणेदोन लाखांच्या घरात अर्ज आणि आजवर सोडतीतून निघालेली घरं वीस हजारांच्या आत. आता शेलू आणि वांगणीला ८१ हजार घरांची योजना आहे, कामगारानं साडेनऊ लाख भरायचे. तात्यांच्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, "वांगणी कुठं आली, कर्जत लाइनला. तिथनं लालबाग लांब की आजरा लांब?" यावर मोठा हशा झाला. दिवसभरात एवढा प्रतिसाद कुठल्याच घोषणेला मिळाला नाही.

तिथं ओळख करून घ्यायची एक रीत आहे. नाव नंतर. आधी गिरणी, मग खातं (त्रासन म्हणजे सूत कातायचं). "कुठलं?" "त्रासन." "मी साच्यात." एवढ्यावर माणसं एकमेकांचा हात धरून बसतात. साच्यांच्या खडखडाटात तिथल्या बऱ्याच जणांचे कान गेलेले. दुपारी एक पुढारी बोलत असताना तात्या आणि तीन खुर्च्या पलीकडचे एक म्हातारबा हातवारे करत होते. मला वाटलं पाणी मागतायत. तर नाही, चालू साच्यावर आवाज पोचायचा नाही म्हणून जी खुणांची भाषा वापरायचे, तीत ते गप्पा मारत होते. चिमूट, मनगट फिरवणं, दोन बोटं. विषय विचारला तर म्हणाले, "जॉबरला शिव्या देत हुतो." जॉबर म्हणजे खात्यातला मुकादम.

चारच्या सुमाराला शिष्टमंडळ निवेदन देऊन परत आलं. टाळ्या झाल्या. पुढची बैठक लावू असं सांगितलं गेलं, तेव्हा कुणी रागावलं नाही, हे मला जास्त लागलं.

जाणाऱ्यांसाठी आणखी थोडं. तारीख ठरवणं आपल्या हातात असेल तर डिसेंबर टाळा. हिवाळी अधिवेशनाला सगळे नागपूरला असतात, मुंबईत निवेदन घ्यायला कोण? अर्थसंकल्पी किंवा पावसाळी अधिवेशन बरं, पण पावसात मैदानाचा चिखल होतो आणि मार्चमध्ये मंडपाखालीही भाजून निघतं. टोपी, पाण्याची बाटली, गोळ्यांची पुडी आणि चिठ्ठीवर लिहिलेला आपला फोन नंबर म्हाताऱ्यांच्या खिशात असू द्या. कागदांच्या झेरॉक्स गावातूनच आणा: लाल पास, तिकीट नंबर, हजेरी पत्र, पगार पावती, ईएसआयसी आणि पीएफचा नंबर, सर्व्हिस सर्टिफिकेट, जे असेल ते. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर कामावर होते, हे त्यातून दिसलं पाहिजे. कामगार हयात नसेल तर मृत्यू दाखला आणि वारसाचे कागद. मूळ प्रती घरी ठेवा. आणि "तुमचा नंबर लावून देतो" म्हणत जवळ येणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. आमच्याकडंही एक आला होता.

मुक्काम लालबागला गावच्या मंडळाच्या खोलीत केला. अशा खोल्या अजून काही चाळींत टिकून आहेत. एका खोलीत पूर्वी पाळीपाळीनं चाळीस जण झोपायचे, आता आम्ही धरून चौघं. सेक्रेटरीला आधी फोन करावा लागतो आणि गणपतीत विचारायचंच नाही.

दुसऱ्या दिवशी गिरणगाव फिरलो. सीएसएमटीकडून येणार असाल तर धीम्या लोकलनं चिंचपोकळी किंवा करी रोड, फास्ट तिथं थांबत नाही. भारतमाता सिनेमाजवळ तात्यांना दिशा कळली, पुढं उड्डाणपुलाखाली पुन्हा हरवली. फिनिक्समध्ये नेलं. पूर्वीची गिरणी, आता मॉल. धुराडं ठेवलंय. तात्या आत आले, बाकावर बसले, गार हवा खाल्ली आणि सिक्युरिटीवाल्याला गाव विचारलं. तो उत्तर प्रदेशचा निघाला. "घर हाय का हिथं?" तात्यांनी विचारलं. तो म्हणाला, नालासोपाऱ्यात, भाड्याचं. दोघांची मान एकदमच हलली. तिथं कॉफी घेऊ नका, तेवढ्या पैशात लालबागला दोघांचं जेवण होतं. चिवडा गल्लीतून मसाला मात्र घ्या.

परतीची महालक्ष्मी रात्री साडेआठच्या आसपास सुटते, त्यामुळं धरण्याच्या दिवशीच परतायचं म्हटलं तरी जमतं. हजेरीच्या वहीत तात्यांनी सही केली होती आणि वारसाच्या रकान्यात माझा नंबर दिला होता, मला न विचारता. आता मेसेज मला येतात. पुढची तारीख अजून पक्की नाही. यायचं असेल तर आठ दिवस आधी सांगा, म्हणजे खोलीची सोय बघता येईल.