ऊन अडवायचं तर थांबायचं कधी?

जिओइंजिनिअरिंगचा, म्हणजे आकाशात उंचावर बारीक कण फवारून थोडं ऊन अडवायचं आणि पृथ्वी थंड करायची, हा विषय निघाला की लोक एकतर म्हणतात हा शुद्ध वेडेपणा आहे, नाहीतर म्हणतात आता दुसरा इलाजच उरला नाही. मला दोन्ही पटत नाही.

कारण ही आयडिया चालते हे निसर्गानेच दाखवलंय. जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड पार स्ट्रॅटोस्फिअरमध्ये, म्हणजे ढगांच्याही वरच्या थरात गेला, तिथे त्याचे सल्फेटचे बारीक कण झाले, थोडं ऊन वरूनच परत फिरलं आणि पुढच्या वर्षभरात जगाचं सरासरी तापमान जवळपास अर्धा अंश उतरलं. आता हेच विमानांनी करायचं म्हणतात, आणि उत्सर्जन कमी करण्याच्या मानाने खर्चही किरकोळ. मला भीती वाटते ती इथेच, हे स्वस्त आहे म्हणून.

ते कण वर्ष-दोन वर्षांत खाली येतात, कार्बन डायऑक्साइड मात्र शेकडो वर्षं वर राहतो. म्हणजे फवारणी एकदा सुरू केली की चालूच ठेवायची. समजा पन्नास वर्षं केली, खाली धूरही तसाच सोडत राहिलो, आणि मग कुठे युद्ध पेटलं किंवा सरकारांचं आपसात फाटलं आणि फवारणी बंद पडली, तर इतकी वर्षं दाबून ठेवलेली गरमी दहा-वीस वर्षांत एकदम अंगावर येणार, जंगलांना, पिकांना, कोणालाच जुळवून घ्यायला वेळ नाही. कार्बन डायऑक्साइड शोषून समुद्र जास्त आम्लधर्मी होतोय तो होतच राहणार, ते वेगळंच. शिवाय फक्त उत्तर गोलार्धात फवारलं तर साहेलमधला, म्हणजे आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेच्या पट्ट्यातला पाऊस आटतो असं मॉडेल्स सांगतात. मग ठरवणार कोण?

तरी रिसर्च बंद करा असं मी म्हणणार नाही. हार्वर्डवाल्यांना २०२१ मध्ये स्वीडनमधल्या किरुनाहून एक बलून सोडायचा होता, त्यातून कणही सोडणार नव्हते, नुसती उपकरणं तपासायची होती, पण तिथल्या सामी या मूळ रहिवासी लोकांनी आम्हाला विचारलंच नाही म्हणून विरोध केला, टेस्ट थांबली आणि २०२४ मध्ये अख्खा प्रोजेक्ट गुंडाळला. विचारायलाच हवं होतं, सामींचं बरोबरच होतं. पण २०२२ मध्ये एका अमेरिकन स्टार्टअपने मेक्सिकोत कोणालाही न विचारता सल्फरचे फुगे सोडले, तेव्हा मेक्सिको सरकारने असल्या प्रयोगांवर बंदी आणणार म्हणून जाहीर केलं. ही स्टार्टअपवाली मंडळी 'कूलिंग क्रेडिट' विकतात, म्हणजे पैसे द्या, आम्ही कण सोडून तुमच्या कार्बनची भरपाई करतो, आणि हे मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण विकत घेतलेला गारवा वर्ष-दोन वर्षांत संपणार आणि त्याच्या भरवशावर सोडलेला कार्बन आपल्या नातवंडांच्या नातवंडांनाही पुरून उरणार.