वाडा बघायला जायचंय, पण आधी गुडघे मोजा

आई-बाबा लेस्टरला येऊन तीन आठवडे झाले. एव्हाना बाबांना आमच्या एरियातली सगळी भाजीची दुकानं पाठ झालीत आणि पार्कातल्या बदकांचे स्वभावसुद्धा कळलेत, त्यामुळे या शनिवारी कुठेतरी न्यायचंच असं ठरलं. इंग्लंडमध्ये एका दिवसात जाऊन यायचं म्हणजे एकतर समुद्र नाहीतर जुना वाडा. समुद्राला आईचा ठाम नकार, "तुमच्या समुद्रात पाय घातला की बधिर होतो, मग मजा कुणाची करायची", म्हणून वाडा. आता वाडा म्हणजे आपला चौसोपी नव्हे, कंट्री हाउस, म्हणजे उमरावांचं गावाकडचं घर, ज्याच्या फाटकापासून दारापर्यंत जायलाच गाडी लागते.

मी या वेळी प्लॅनिंगचा एवढा बाऊ का करतेय त्याला कारण आहे. गेल्या वर्षी सासू-सासरे आले होते तेव्हा असंच एका मोठ्या घराला गेलो, वेबसाइटवर "ओपन" दिसलं म्हणून निघालो, आणि तिथे पोचल्यावर कळलं की ओपन म्हणजे बाग ओपन, घर त्या दिवशी बंद. वर पाऊस. सासूबाईंनी तीन तास तबेल्यात थाटलेल्या कॅफेत बसून काढले आणि घरी आल्यावर फोनवर जाऊबाईंना सांगितलं की घोडे नव्हते पण जागा छान होती. तेव्हापासून माझा नियम, पार्कची वेळ, बागेची वेळ, घराची वेळ आणि शेवटची एंट्री किती वाजता, चारही वेगवेगळं बघायचं, आणि आदल्या दिवशी परत एकदा बघायचं. हिवाळ्यात तर बरीच घरं आतून बंदच असतात, साफसफाई आणि डागडुजी तेव्हाच चालते.

तर माणसं सहा. मी, नवरा, ११ वर्षांची लेक, ४ वर्षांचा लेक, आई (उजवा गुडघा), बाबा (दोन्ही गुडघे, पण कबूल करत नाहीत). गाडी पाच सीटची. म्हणजे मित्राची सात सीटवाली मागून आणायची, आणि तिच्या मागच्या रांगेत गुडघेवाल्या कुणालाच बसवता येत नाही, तेव्हा तिथे मीच. इथे कायद्याने १२ वर्षं किंवा १३५ सेंटिमीटर, यातलं जे आधी होईल तोवर मुलांना कार सीट लागते, लेक उंचीत सुटली, धाकट्याची सीट मधल्या रांगेत. हे सगळं कागदावर काढल्यावर नवरा म्हणाला की एवढं तर आपण लग्नाच्या वऱ्हाडालाही केलं नव्हतं.

पहिला विचार चॅट्सवर्थचा होता. ते सगळ्यांनाच माहीत असतं, डर्बीशायरमध्येच, मोठं, पोरांना प्राणी आणि खेळायला जागा. आणि बाबा जळगावचे, त्यांना मी चुकून सांगितलं की जळगावात जी केळी होतात ना, ग्रँड नैन, ती ज्या कॅव्हेंडिश गटातली, ते कॅव्हेंडिश म्हणजे चॅट्सवर्थच्या ड्यूकचं आडनाव, १८३०च्या दशकात त्यांचा माळी जोसेफ पॅक्स्टन याने तिथल्या काचघरात ते केळ वाढवलं. झालं. बाबा दोन दिवस सगळ्यांना हेच सांगत होते. पण तिथे बघायला इतकं आहे की दिवस पुरत नाही, आणि न पुरणारं ठिकाण आमच्या या बॅचला झेपत नाही हे मला आतून माहीत होतं. तिकीटही तसंच दणदणीत. केळ्याचं दर्शन पुढच्या खेपेला.

मग ठरलं केडलस्टन हॉल. डर्बी शहरापासून पाचेक मैल, आमच्याकडून गाडीने तासभर. नॅशनल ट्रस्ट या जुनी घरं जपणाऱ्या संस्थेकडे आहे, म्हणजे आमची फॅमिली मेंबरशिप चालते, पाच वर्षांखालच्यांना तसंही फुकट, फक्त आई-बाबांची तिकिटं काढायची. मेंबरशिपचं गणित सोपं आहे, वर्षातून तीन-चार वेळा जाणार असाल तर घ्या, नाहीतर नका घेऊ, गेटवर कुणी गोड बोलून गळ घातली तरी.

पण मला केडलस्टन घ्यायला लावलं ते वेगळ्याच गोष्टीने. हे घर राहण्यासाठी कमी आणि लोकांना दाखवण्यासाठी जास्त बांधलंय. नॅथॅनिएल कर्झन नावाच्या उमरावाने १७५९ मध्ये काम सुरू केलं, पुढे रॉबर्ट अ‍ॅडम या तरुण आर्किटेक्टच्या हातात सगळं दिलं, आणि आजूबाजूचं गावच नजरेच्या आड येतं म्हणून उचलून दुसरीकडे हलवलं! चर्च तेवढं जागेवर राहिलं. आत मार्बल हॉल आहे, अलाबास्टर या संगमरवरासारख्या दगडाचे २० खांब, रोमन घरातल्या चौकासारखा, त्यामागे घुमटाचं गोल दालन. आणि गंमत म्हणजे हे सगळं बघायला लोक तेव्हापासूनच यायचे. गार्नेट नावाच्या हाउसकीपर बाई हातात माहितीचं पुस्तक घेऊन पाहुण्यांना फिरवायच्या, त्यांचं त्या पुस्तकासकट पोर्ट्रेट आहे तिथे. मालकाची चित्रं सगळीकडे असतात, पण गाइडचं? १७७७ मध्ये इंग्रजी शब्दकोशवाले डॉ. जॉन्सन येऊन गेले आणि म्हणाले की हे टाउन हॉल म्हणून उत्तम चालेल, खांबांच्या दालनात न्यायाधीश बसवा, गोल खोलीत ज्युरी, वर कैदी. म्हणजे सहकुटुंब जाऊन नावं ठेवून यायची परंपरा तिथे अडीचशे वर्षांची आहे, आम्ही काही वेगळं करत नाहीये.

हे मी जेवताना सांगत होते आणि बाबा एकदम थांबले. "कर्झन? कोणता कर्झन?"

आता बाबा म्हणजे ३२ वर्षं इतिहास शिकवलेला माणूस. तोच कर्झन हो, बाबा, म्हणजे त्याच घरातला. १८५९ मध्ये इथेच जन्मला, १८९९ ते १९०५ आपला व्हॉइसरॉय. "वंगभंगवाला!" बाबांनी वरणभात बाजूला सारला. मग अर्धा तास १९०५, स्वदेशी, टिळक, पुण्यातली विदेशी कपड्यांची होळी, आणि शेवटी स्वतःच, "पण १९०४ चा प्राचीन स्मारकांचा कायदा त्याचाच, पुरातत्त्व खातं जॉन मार्शलच्या हाती देऊन पुन्हा उभं केलं ते त्यानेच, ते नाकारून चालणार नाही." लेकीने विचारलं मग तो चांगला होता की वाईट, तर बाबा म्हणाले, "तू पेपर कोणत्या प्रश्नाचा लिहितेयस त्यावर आहे."

सगळ्यात भारी गोष्ट मी मुद्दाम उरवली होती. कलकत्त्याचं गव्हर्नमेंट हाउस, जिथे कर्झनच्या वेळी व्हॉइसरॉय राहायचे आणि आता राज्यपाल राहतात, ते गव्हर्नर जनरल वेलस्लीने १७९९ ते १८०३ मध्ये बांधून घेतलं ते या केडलस्टनच्या नकाशावर. आणि केडलस्टनला मूळ बेतात चार बाजूला चार विंग होत्या, त्यातल्या दोनच बांधून झाल्या. कलकत्त्याला चारही झाल्या. म्हणजे कर्झन स्वतःच्या घराची पुरी झालेली कॉपी बघायला थेट बंगालात गेला. बाबा यावर इतके खूश झाले की म्हणाले शनिवारी मी आधी बाहेरून फिरून मोजणार, दोनच आहेत ना. मोजा म्हटलं, पण कडेकडेने, गवत ओलं असतं.

आता कामाचं. मुख्य दालनं वरच्या मजल्यावर आहेत, म्हणून जिन्याची चौकशी मी आधीच फोन करून केली, आणि हे सगळ्यांनी करावं, कारण जुन्या घरात लिफ्ट असेलच असं नाही आणि "फक्त थोड्या पायऱ्या" या शब्दांवर मी विश्वास ठेवत नाही. बाबागाडी आत बहुतेक ठिकाणी नेऊ देत नाहीत, पाठीवरची सॅक पुढे घ्यायला सांगतात नाहीतर बाहेर ठेवायला, कारण वळताना ती नेमकी दोनशे वर्षांच्या फुलदाणीला लागते. आत खाणं-पिणं नाही. म्हणून क्रम असा, पोचल्यावर आधी टॉयलेट, मग डबा (आई दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करणारच आहे, पार्कात बसून खाल्लं तर कुणी काही म्हणत नाही), मग घर, मग तलाव आणि पूल. भुकेल्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन सॅटिनच्या खुर्च्यांमधून चालायची माझ्यात हिंमत नाही. आणि सगळ्या खोल्या बघायच्या नाहीत! तीन बघायच्या. धाकट्याला फक्त तो पलंग दाखवायचा ज्याचे खांब ताडाच्या झाडासारखे कोरलेत, लेकीला गोल दालन, बाकी ज्याची त्याची मर्जी. खोलीखोलीत व्हॉलंटियर उभे असतात, बहुतेक रिटायर्ड मंडळी, त्यांना प्रश्न विचारलेले फार आवडतात. बाबांनी वहीत अकरा प्रश्न काढलेत, त्या बिचाऱ्यांचं काय होणार कोण जाणे.

अजून एक, आत अंधार वाटेल. पडदे ओढलेले असतात, ते कंजूषपणा म्हणून नाही, उजेडाने कापड आणि रंग मरतात म्हणून. आईला हे लगेच पटलं, तिच्या कपाटातल्या पैठण्यांना ती मलमलीत गुंडाळून ठेवते ते याचसाठी.

आणि आईसाठीच म्हणून खरं तर तो ड्रेस. कर्झनने हिंदुस्थानातून आणि इतर ठिकाणांहून जमवलेल्या वस्तूंचं एक म्युझियम तळमजल्यावर आहे, आणि केडलस्टनच्याच संग्रहात त्याच्या बायकोचा, मेरीचा, मोराच्या पिसांच्या नक्षीचा ड्रेस आहे. १९०३ च्या दिल्ली दरबारातल्या नाचाच्या रात्री घातलेला. सोन्या-चांदीच्या तारेची जरदोजी आपल्याकडच्या कारागिरांची, शिवण पॅरिसच्या वर्थ या फॅशन हाउसची, आणि प्रत्येक पिसाच्या डोळ्यात हिरवे चमकणारे जे आहेत ते खडे नव्हेत, किड्यांच्या पंखांची कवचं. त्या कारागिरांची नावं कुठे लिहिलीत का, हा बाबांचा प्रश्न नंबर चार.

"वजन किती असेल त्याचं?" आईने विचारलं. साडेचार किलोच्या आसपास म्हणतात, मी सांगितलं. आई उठली, बॅगा मोजायचा तो हुकवाला काटा आणला, येताना आणलेली पैठणी पिशवीत घातली आणि लटकवली. आठशे वीस ग्रॅम.

"आणि तेवढं घालून नाचली?" आई म्हणाली. "गुडघे चांगले असणार बाईचे."