कोचच्या घरावर अंडी

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २८ नोव्हेंबर २०२५ ला, आमची फिलाडेल्फियाची अमेरिकन फुटबॉल टीम ईगल्स घरच्या मैदानावर शिकागो बेअर्सकडून २४-१५ नं हरले आणि त्याच रात्री कुणीतरी आमच्या तेव्हाच्या ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरच्या, म्हणजे आक्रमणाच्या चाली ठरवणाऱ्या कोचच्या, घरावर अंडी मारली. केव्हिन पटुलो त्या कोचचं नाव. बायकोमुलं असलेला माणूस, तेव्हा राहायचा न्यू जर्सीतच, आमच्यापासून गाडीनं काही फार लांब नाही. बातमी वाचून मला इतकं कसंतरी झालं की दोन दिवस दुसरं काही डोक्यात येईना. फोनवर बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "कोचच्या घरावर? का, कोच खेळतो काय तिथं?"

बाबांचा प्रश्न बरोबर आहे. आम्ही कोल्हापूरचे, आमच्यासाठी फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, पाटाकडील विरुद्ध दिलबहार, आणि शिव्या द्यायच्या त्या मैदानावरच्या पोराला किंवा रेफ्रीला. इथल्या हेल्मेटवाल्या फुटबॉलात मात्र कोच खरंच खेळतो, मला हे समजायलाच तीन सीझन गेले. प्रत्येक डावपेच बाहेरून येतो. कोऑर्डिनेटर रेडिओवर सांगतो, क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, ते हेल्मेटच्या आत ऐकू येतं, आणि चाल सुरू करायच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो आवाज आपोआप बंद होतो. पुढं जे व्हायचं ते अकरा जणांच्या हातात. पण स्टेडियममधल्या माणसाला वाटतं सगळं त्या आवाजानंच केलं. त्या शुक्रवारी मॅच चालू असतानाच स्टेडियममध्ये 'फायर केव्हिन'च्या घोषणा चालू झाल्या होत्या.

मीही ओरडलो. आमच्या हॉलमध्ये, टीव्हीसमोर, आणि ग्रुपवर 'काढा आता याला' असं लिहिलंसुद्धा. ते मी मागे घेत नाही. आमच्या सक्वॉन बार्कलीनं २०२४ च्या सीझनमध्ये पळून २००५ यार्ड काढले होते, तोच माणूस, तोच क्वार्टरबॅक, फेकलेला चेंडू झेलणारे तेच रिसीव्हर, आणि २०२५ च्या सीझनला बार्कली बाराशेच्याही आत राहिला, मग ज्याच्या हातात प्लेशीट, म्हणजे चालींची यादी, आहे त्याला विचारणारच ना लोक. विचारायचा हक्क आहे. तिकीट काढतो आपण, रविवार देतो आपला. पण विचारणं वेगळं आणि रात्री जाऊन लेकरं झोपलेल्या घरावर काही फेकणं वेगळं, या दोन गोष्टी एका वाक्यात बोलायच्याच नाहीत असं माझं मत आहे.

आणि कामाचं मोजमाप कसं करायचं हेच जर बघायचं असेल तर त्याच मॅचचं बघा की. बेअर्सनं त्या दिवशी जमिनीवरून, म्हणजे नुसतं पळून, २८१ यार्ड काढले. त्यांच्या दोन पळणाऱ्यांनी शंभराच्या वर काढले. ते अडवायचं काम पटुलोचं नाही, डिफेन्सचं, आणि डिफेन्स चालवतात व्हिक फँजिओ. त्यांच्या नावानं कुणी ओरडलं नाही, कारण त्यांच्या डिफेन्सनं त्याच्या नऊ-दहा महिने आधी सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या फायनलमध्ये, कॅन्सस सिटीला हाफटाईमपर्यंत शून्यावर ठेवलं होतं, २४-०. फँजिओंना बोला असं मी म्हणत नाही, त्यांना मी मानतो. पण एकाला मागची पुण्याई आहे आणि दुसऱ्याला नाही, एवढ्यावरच निकाल लागतो, त्या दिवशी कुणी काय केलं त्यावर नाही. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आमच्या क्वार्टरबॅकच्या, जेलन हर्ट्सच्या, हातातून बेअर्सच्या खेळाडूनं चेंडू हिसकावून घेतला, तोही मागून सगळे ढकलतात त्या हुकमी प्लेमध्ये. ते कुठल्या कोऑर्डिनेटरनं केलं? उजव्या बाजूचा भिंतीसारखा लेन जॉन्सन पायाच्या दुखापतीनं बाहेर, ते कुणी केलं?

मला हे सगळं शिकवलं आमच्या शेजारच्या आजोबांनी. पंच्याहत्तरी उलटलेले, एकटे राहतात. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी नवखा म्हणून माझ्या दारासमोरचा बर्फ न सांगता काढून द्यायचे, आणि त्याची परतफेड म्हणून मी एकदा साबुदाण्याची खिचडी घेऊन गेलो तो त्यांच्याकडं मॅच चालू होती. त्यांच्या मांडीवर एक स्पायरल वही असते. पेन्सिलनं रेघा मारलेल्या. प्रत्येक प्लेला एक ओळ, कितवा डाऊन (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला कितवा), किती यार्ड पाहिजेत, पळाले का फेकलं, काय झालं, आणि शेवटचा रकाना 'कुणामुळं'. त्यात ते कोच लिहितात, किंवा क्वार्टरबॅक, किंवा लाईन, म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढं उभे राहून अडवणारे पाच जण. रेकॉर्डिंग मागं घेऊन घेऊन बघतात, चेंडू नाही, त्या पाच जाडजूड गड्यांचे पाय. एकाचं पाऊल अर्ध्या फुटानं चुकलं की पूर्ण प्ले गेला, आणि टीव्हीवर मात्र दिसतं की प्लेच भंगार होता. मी एकदा विचारलं, इतक्या ठिकाणी प्रश्नचिन्ह का? म्हणाले, टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागं जातो, लांब पळालेला रिसीव्हर फ्रेमच्या बाहेर, तो मोकळा होता का नव्हता हे मला दिसलंच नाही तर मी कुणाचं नाव लिहू? आयुष्यभर ईगल्स बघणारा माणूस सांगतोय की मला माहीत नाही. त्या शुक्रवारच्या पानावर प्रश्नचिन्हंच जास्त होती.

हे मला लागतं त्याला कारण आहे. आधीच्या एका कंपनीत माझं एक वर्ष असंच मोजलं गेलं होतं, रिलीज उशिरा गेला म्हणून. क्लायंटकडून डेटाच दोन महिने उशिरा आलेला, सगळे ईमेल माझ्याकडं, पण अप्रेझलच्या फॉर्मवर 'कुणामुळं' हा रकानाच नव्हता. होता तो एक आकडा. तो आकडा घेऊन मी घरी आलो आणि बायकोला चार दिवस सांगितलं नव्हतं. तेव्हा कुणी माझी वही बघितली असती तर, असं अजून वाटतं.

ऑफिसात सोमवारी एकजण मला म्हणाला की तुमच्या इंडियात क्रिकेटवरून असलं नेहमीच होतं ना. मला राग आला. खरं सांगायचं तर त्याच आठवड्यात, २६ नोव्हेंबरला, गुवाहाटीत आपण दक्षिण आफ्रिकेकडून ४०८ धावांनी हरलो होतो, धावांच्या हिशोबानं आपला आजवरचा सगळ्यात मोठा टेस्ट पराभव, आणि गॅलरीतून गौतम गंभीरच्या नावानं 'हाय हाय' झालं होतं. पण गॅलरीतून! घरावर कोणी गेलं नाही. हे मी त्याला ठणकावून सांगितलं. आणि घरी येताना ट्रेनमध्ये आठवलं, २००३ ला कैफच्या अलाहाबादच्या घराला काळं फासलं होतं लोकांनी, आणि २००७ ला रांचीत धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घराची मोडतोड केली होती. २००३ च्या त्याच वर्ल्डकपमध्ये आपण फायनलला गेलो, आणि धोनीनं २०११ ला वानखेडेवर काय केलं ते कुणाला सांगायला नको. तरी मी म्हणेन, ती वीस वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि तेव्हा ना एवढी सिक्युरिटी होती ना एवढी आकडेवारी. इथं प्रत्येक प्लेची बावीस खेळाडू दिसणारी फिल्म असते, प्रत्येक चालीचं गणित असतं, टीव्हीवर चार माजी कोच बसून समजावून सांगतात, आणि एवढं असून शेवटी अंडीच?

क्लबांचं तरी काय वेगळं आहे. जॉन हारबॉनं बाल्टिमोरला अठरा सीझन काढले, सुपर बोल जिंकून दिला. २०२६ च्या जानेवारीत शेवटच्या मॅचला पिट्सबर्गमध्ये त्यांच्या नवख्या किकरची ४४ यार्डांची किक हुकली, २६-२४ नं हरले, प्लेऑफ गेला, आणि दोन दिवसांत हारबॉची नोकरीही गेली. ती किक खांबांच्या मधून गेली असती तर? माणूस तोच, सीझन तोच. आमच्या हेड कोचचं, निक सिरियानीचं, उलटं झालं. २०२३ ला १०-१ वरून टीम अशी कोसळली की टॅम्पाला ३२-९ नं मार खाऊन घरी आले, सगळे म्हणत होते हेड कोचला हाकला, तो तर प्लेसुद्धा सांगत नाही. गेले ते दोन्ही कोऑर्डिनेटर. सिरियानी राहिला आणि पुढच्याच सीझनला सुपर बोल आणला, ४०-२२. त्याचा कोऑर्डिनेटर केलन मूर लगेच न्यू ऑर्लिन्सचा हेड कोच होऊन गेला, म्हणजे चांगलं केलं तरी हा माणूस जातोच आणि वाईट केलं तरी जातोच, आणि हर्ट्स बिचारा दरवर्षी नवा आवाज हेल्मेटमध्ये ऐकतोय. चार सीझन, चार माणसं. पिट्सबर्गवाल्यांनी १९६९ पासून २०२५ च्या सीझनपर्यंत तीनच हेड कोच केले. मला ते लोक आवडत नाहीत पण हे आवडतं.

जानेवारीत आपण, म्हणजे ईगल्स, सॅन फ्रान्सिस्कोकडून २३-१९ नं हरलो आणि दोन दिवसांनी पटुलोला त्या पदावरून काढलं. बरोबर केलं असं माझं मत आहे. पूर्ण सीझन बघून, फिल्म बघून, ज्यांचं ते काम आहे त्यांनी ठरवलं. पटुलो स्वतः, अंडी पडली तेव्हा, पत्रकारांसमोर एवढंच म्हणाला होता की टीका हा आमच्या कामाचा भाग आहे, पण घरच्यांपर्यंत गेलं की मर्यादा ओलांडली. कुणाला दोष दिला नाही. हे मी विसरणार नाही.

गेल्या रविवारी मॅच नव्हती तरी आजोबांकडं गेलो, तिळगुळाचे चार लाडू राहिलेले ते घेऊन. त्यांच्या नातवानं त्यांना कोचांची फिल्म बघायचं सबस्क्रिप्शन घेऊन दिलंय, बावीसच्या बावीस खेळाडू दिसतात ती. तीच नोव्हेंबरची बेअर्सची मॅच लावून बसले होते, वही उघडी, हातात खोडरबर. एक प्ले चार वेळा बघितला, एका प्रश्नचिन्हावर रबर फिरवला आणि लिहिलं, 'कोच'. फुंकर मारून कचरा उडवला. मग खालच्या ओळीवर आले, परत चार वेळा बघितलं, आणि लिहिलं, 'लाईन'.