पाहुण्या लेकीचे आजारपण

नौपाडा, ठाणे
रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

आज पहाटे जर्मनीतील घड्याळे एक तास मागे गेली. कालपर्यंत आमच्यात साडेतीन तासांचे अंतर होते, ते आता मार्चअखेरपर्यंत साडेचार तासांचे राहील; म्हणजे आमच्याकडे राहायला आलेल्या जर्मन मुलीच्या आईशी रात्री बोलण्याची वेळ पुन्हा ठरवावी लागणार. मुलीच्या आजारपणात ती वेळ आम्ही औषधाच्या वेळेइतकीच काटेकोरपणे पाळली होती.

विद्यार्थी विनिमय कार्यक्रमातून वर्षभरासाठी आलेली ही १६ वर्षांची मुलगी मला मावशी म्हणते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिला डेंग्यू झाला. पावसाळा सरताना ठाण्यात हा ताप एखाद्या तरी शेजाऱ्याकडे असतोच; तिच्या आईला मात्र तो केवळ प्रवासाच्या माहितीपत्रकातून ठाऊक होता. पेटीत दिलेली आयब्युप्रोफेनची गोळी अजून का दिली नाही, असे त्यांनी पहिल्याच संध्याकाळी विचारले. त्यांच्या घरी तापावर ती सर्रास घेतात. डेंग्यूत या गोळीमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टरांनी पॅरासिटॅमॉलखेरीज दुसरे काही देऊ नका, असे बजावले होते. पुढे ताप उतरला, तेव्हा तिकडे सर्वांना हायसे वाटले आणि इकडे डॉक्टर म्हणाले की, खरे लक्ष आता ठेवायचे. प्लेटलेट खाली जाणे आणि रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरणे हे बहुधा याच टप्प्यावर होते. पोटात फार दुखते का, उलट्या थांबत नाहीत का, हिरड्यांतून रक्त येते का, हे पाहत आम्ही ते दिवस काढले. रुग्णालयात ठेवण्याची वेळ आली नाही.

माझ्या मुलाला ताप आला, तर मी त्याला काहीच विचारत नाही. पंखा बंद करते, पांघरूण घालते, मेतकूट-भात पुढे ठेवते आणि तो कुरकुरला, तरी दोन घास भरवतेच. हिच्या बाबतीत तो हक्क माझ्याकडे नव्हता. उपचारांच्या संमतिपत्रावर तिच्या आईवडिलांची सही होती, पण कपाळावर हात ठेवावा की नाही, याचे संमतिपत्र कोणी देत नाही. म्हणून मी प्रत्येक गोष्ट विचारू लागले आणि आजारी माणसाला स्वतःचे मत असते, हे या घरात प्रथमच ऐकू आले. तिला दार लावून एकटे पडायचे होते. आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला अर्धी इमारत येते, पपईच्या पानांचा रस, किवी आणि शेळीचे दूध सुचवून जाते. शेवटी दार अर्धे लोटायचे ठरले आणि शेजाऱ्यांना मी जिन्यातच चहा दिला. काही जणींना ते रुचले नाही, रुचणारही नव्हते.

सासूबाईंची मात्र वेगळीच गंमत. तिच्या आईने व्हिडिओ कॉलवर पोटऱ्यांना ओली फडकी गुंडाळून दाखवली, तेव्हा ‘ताप डोक्यात आणि पट्ट्या पायाला?’ असे त्यांनी मोठ्याने विचारले. परंतु पाणी बर्फाचे नको, जरासे गार हवे आणि रुग्णाचे पाय थंड असतील तर हा उपाय करायचाच नाही, ही पथ्ये ऐकल्यावर त्यांचा विश्वास बसला. पथ्य असलेला उपाय त्यांना खरा वाटतो. तिला आवडणारा दोनदा भाजलेला पाव म्हणजे आपला बेकरीतला टोस्टच, हेही त्यांनीच ओळखले.

आता उरला आहे तो थकवा, आणि त्याने सर्वांना चकवले आहे. रक्ताचा अहवाल पूर्ववत झाला, तरी दुसऱ्या मजल्यावर पोहोचताना ती कठड्याला धरून थांबते. दिवाळीत कंदील लावायला उत्साहाने उठली आणि चकलीला हात न लावता झोपून गेली. असा अशक्तपणा काही आठवडे टिकू शकतो, असे डॉक्टर सांगतात. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत आणि पुन्हा वेगळ्या प्रकाराची लागण झाल्यास आजार अधिक तीव्र होण्याची शक्यता असते, हे कळल्यापासून तिला परत बोलवावे का, असा विचार तिच्या घरी चालला होता. काल तिने स्वतःच आईला सांगितले की तिला राहायचे आहे.

नोव्हेंबरात तिने वाशीच्या दुसऱ्या कुटुंबात जायचे, असे आधीच ठरलेले आहे. ते महिनाभर पुढे ढकलावे, अशी विनंती मी संयोजकांना केली आहे, अर्थात तिला विचारून. त्या घरच्या बाईंना उद्या फोन करायचा आहे. हा डास दिवसा चावतो, तेव्हा कुंड्यांखालच्या बशा आणि फ्रिजमागचा ट्रे कोरडा ठेवा, हे सांगेन. दर तासाला ‘बरं वाटतंय का’ असे विचारलेले तिला आवडत नाही, हेही सांगेन.