दोन पौंडांचा हिशेब

कॅनडातील पीटरबरो शहराजवळच्या एका लहान कारखान्यात मी कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या हलक्या, निमुळत्या होड्या, बांधण्याचे काम करतो. पाव इंच जाड आणि पाऊण इंच रुंद अशा सीडर या हलक्या लाकडाच्या लांब पट्ट्या साच्यांवर एकीला एक चिकटवत जायच्या आणि मग आतून-बाहेरून काचतंतूंचे कापड व इपॉक्सी (वाळून कडक होणारा राळेसारखा द्रव) चढवायचे, असे आमचे काम थोडक्यात सांगता येईल. लाकूड निवडणे माझ्याकडे आहे, आणि ज्या कनूबद्दल लिहितो आहे तिच्या बाबतीत चूक झाली असेल तर ती तिथेच झाली.

गिऱ्हाईक म्हणजे सत्तरीला टेकलेल्या एक निवृत्त शिक्षिका. एका खांद्यावर शस्त्रक्रिया झालेली. अल्गॉनक्विन उद्यानात एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना कनू खांद्यांवर उलटी घेऊन पायवाटेने न्यावी लागते. म्हणून बाईंची अट एकच होती : 15 फुटांची, एकटीने वल्हवायची कनू 40 पौंडांच्या आत बसली पाहिजे. मी ‘होईल’ म्हणून मोकळा झालो. लहानपणी मालवणकडे पाहिलेल्या, आंब्याच्या खोडातून कोरलेल्या होड्या चौघे मिळून वाळूवर ओढत. होडी उचलून खांद्यावर घ्यायची असते, हे मला इथे येईपर्यंत ठाऊकच नव्हते.

इथले पांढरे सीडर सर्वांत हलके, घनफुटाला साधारण 22 पौंड. पण झाड लहान आणि गाठी फार, त्यामुळे लांब निर्दोष फळी क्वचितच हाती लागते. ब्रिटिश कोलंबियातून येणारे तांबडे सीडर सरासरी 23 पौंडांचे असून त्यात 16 फुटांत एकही गाठ नाही अशा फळ्या मिळतात. मात्र ही सरासरी फसवी आहे. 16 फूट लांब, साडेपाच इंच रुंद आणि पाऊण इंच जाड अशा एकाच ढिगातल्या दोन फळ्या काट्याला लावल्या, तर एक 10 पौंड भरते आणि दुसरी साडेबारा. म्हणून मी वखारीत लटकता काटा घेऊन जातो, आणि वखारीतली पोरे दर वेळी हसतात.

त्याहून मोठा घोळ लाकडातल्या रेषांचा आहे. कुठेतरी वाचून आलेली हौशी मंडळी सरळ उभ्या रेषांची महागडी फळीच मागतात, आणि वखारवाले ती आनंदाने विकतात. वास्तविक पट्ट्या फळीच्या कडेवरून चिरल्या जातात, त्यामुळे फळीची कड हाच पट्टीचा दर्शनी भाग होतो. ज्या स्वस्त फळीच्या तोंडावर कमानीसारख्या रेषा दिसतात, तिच्याच पट्ट्यांवर सरळ, समांतर रेषा येतात. अशा पट्ट्या नीट वाकतात आणि पॉलिशपेपरखाली सारख्या झिजतात. महाग फळीच्या पट्ट्यांवर मात्र मऊ आणि कठीण लाकडाचे रुंद पट्टे येतात, मऊ भाग आधी घासला जातो आणि पृष्ठभागावर लाटा उठतात. करवतीच्या पात्याचेही तसेच : साधे पाते इंचाचा आठवा भाग खाते, म्हणजे प्रत्येक पट्टीमागे अर्ध्या पट्टीचा भुसा होतो; पातळ पाते त्याच्या निम्मेच खाते. या भुशाने दमा जडतो हे ठाऊक असूनही आमचा एक सहकारी मास्क हनुवटीवर लावून चिराई करतो, त्याला काय म्हणावे?

फेब्रुवारीतल्या त्या दिवशी बाई माझ्याबरोबर वखारीत आल्या होत्या. मी फिकट, हलक्या फळ्या बाजूला काढल्या होत्या. ढिगाच्या तळाशी भाजलेल्या कॉफीच्या रंगाच्या दोन फळ्या निघाल्या, आणि बाईंनी हातमोजा काढून त्यांवरून बोटे फिरवली. “या दोन्ही बाजूंना लावता येतील ना?” त्यांनी विचारले. गडद फळी जड असतेच असे नाही. या दोन्ही मात्र साडेबारा पौंडांच्या होत्या, कारण मी त्या नुकत्याच तोलल्या होत्या. मी ‘हो’ म्हटले आणि आकडा सांगितला नाही. काठाला जड ॲश लाकडाऐवजी हलके स्प्रूस वापरून फरक भरून काढू, असे मनात म्हटले. आणि खरे सांगायचे तर त्या फळ्या मलाही आवडल्या होत्या.

जूनमध्ये कनू काट्यावर 42 पौंड भरली. त्या रात्री मी कागद घेऊन बसलो. कनूचे एकूण लाकूड साधारण एक घनफूट, त्यातला तिसरा हिस्सा गडद. घनफुटामागे पाच पौंड जास्त धरले तर जवळजवळ पावणेदोन पौंड त्या रंगाचे. उरलेला पाव पौंड इपॉक्सीचा असावा, कारण मास्क हनुवटीवर लावणारा तोच सहकारी ते ओतताना हात आखडत नाही. त्याच्यावर मी दुसऱ्या दिवशी चिडलो, तेव्हा त्याने शांतपणे विचारले, “फळ्या कोणी आणल्या?”

बाईंना मी वजन सांगितले, आणि या वेळी कारणही सांगितले. त्यांनी कनू उचलली, अंगणात एक फेरी मारली आणि ठरलेले पैसे पूर्ण दिले. मी कमी घेण्याचा आग्रह केला तो त्यांनी ऐकला नाही. ऑगस्टमध्ये त्यांचे पत्र आले. दीड किलोमीटरच्या पायवाटेवर आपण दोनदा थांबलो, आणि दोन्ही वेळा वाटेने जाणाऱ्यांनी कनूचा रंग पाहून चौकशी केली, असे त्यांनी लिहिले होते. खांद्याबद्दल त्यात एक अक्षरही नव्हते.