हवाईत बेटं फिरताना

आधी वाटलं होतं एका बेटावरून दुसऱ्यावर मस्त बोटीने जाऊ, वारा खात वगैरे. कसलं काय! काउआई, माउई, बिग आयलंड, मध्ये बोटच नाही, दर वेळी विमान, म्हणजे परत बॅगा, परत सिक्युरिटी, मग चार बेटांचा प्लॅन गुपचूप तीनवर आणला आणि तेच बरं झालं.

सुरुवात काउआईपासून. मोठ्या बेटांत हे सगळ्यात म्हातारं, साधारण ५० लाख वर्षांचं, झिजून झिजून नुसत्या हिरव्या दऱ्या. ही सगळी ज्वालामुखीची बेटं, खालचा हॉटस्पॉट (जमिनीच्या पोटातून लाव्हा वर येतो ती जागा) जागेवरच आणि वरची पॅसिफिक प्लेट, म्हणजे समुद्रतळाचा अवाढव्य खडकाळ तुकडा, वायव्येला सरकतेय, म्हणून आग्नेयेला जावं तसं बेट तरुण होत जातं.

माउईला हालेआकाला ज्वालामुखीच्या माथ्यावरचा सूर्योदय. गाडीचं रिझर्वेशन आधीच करावं लागतं, ते आठवणीने केलं, स्वेटर मात्र विसरले! ३,०५५ मीटरवर पहाटे हॉटेलचा टॉवेल गुंडाळून दात वाजवत उभी. पण ढग खाली आणि आपण वर, बोलतीच बंद.

बिग आयलंडला किलाउएआ ज्वालामुखी त्या दिवशी गप्प, नुसती वाफ, जरा हिरमोड झाला. पुनालुऊच्या काळ्या बीचने भरून काढलं. तापलेला लाव्हा समुद्रात पडून तडकतो त्याची ही वाळू, दुपारी पाय भाजतात अक्षरशः. दोन कासवं इतकी निवांत पडलेली की मला दगडच वाटले, एकाने डोळा उघडून बघितलं आणि परत मिटला. वाळू उचलून न्यायची नाही हां, मनाई आहे. घरी आल्यावर बुटातून चमचाभर निघालीच, आता तिचं काय करू?