सिबेलियसचा पियानो: कुठून सुरुवात करावी, हात कुठे अडतो

फिनलंडचा संगीतकार सिबेलियस म्हटलं की ‘फिनलँडिया’ आणि सात सिंफनी आठवतात. त्याने एकट्या पियानोसाठी शंभराहून जास्त रचना केल्या, हे पियानो शिकणाऱ्यांनाही फारसं ठाऊक नसतं. १९१४ साली युद्ध पेटलं, जर्मनीतल्या प्रकाशकाशी व्यवहार तुटला आणि घरखर्चासाठी तो छोट्या रचना विकू लागला. ‘पोटासाठी लिहिलेलं’ हा शिक्का तेव्हापासून बसला तो बसलाच. मला तो साफ चुकीचा वाटतो. त्याच काळातल्या ऑपस (म्हणजे रचनेचा क्रमांक) ७५ मधल्या पाच ‘झाडां’पैकी शेवटचं, ‘द स्प्रूस’, वाजवून बघा.

हा तुकडा बी मायनरमध्ये आहे, म्हणजे आपल्या पेटीच्या हिशेबाने सा पांढरी सातवर. सुरुवातीला एक झपाट्याची लाट, मग संथ वॉल्ट्झ. सूर खालच्या अंगाला, टेनरच्या जागेत सुरू होतो. बडोद्याच्या मराठी घरांतून पियानोकडे येणाऱ्या अनेकांचा हात आधी पेटीवर बसलेला असतो. पेटीत डावा हात भात्यावर, त्यामुळे गाण्याची सवय फक्त उजव्याला. शिवाय भाता चालू असेपर्यंत पेटीचा सूर टिकतो, पियानोचा मात्र वाजल्या क्षणापासून विरत जातो. म्हणून इथे लांब स्वर शेजारच्या स्वरांपेक्षा ठळक लावावा लागतो आणि पुढचा स्वर आधीच्याच्या उरलेल्या आवाजाला जुळवून घ्यावा लागतो. आधी सूर एकटा, पेडल (पायाने दाबून स्वर लांबवणारी पट्टी) न लावता, तोंडाने म्हणत वाजवा. मग सोबतीच्या कॉर्ड (एकदम वाजणारे स्वरसमूह) त्याच्या निम्म्या जोराने. बहुतेकांचं उलटं होतं: कॉर्ड मोठ्या, सूर बुडालेला.

मधला ‘रिसोल्यूतो’ (निर्धाराने वाजवायचा) भाग म्हणजे आर्पेजिओंचा, एकेक करून उलगडणाऱ्या कॉर्डचा, लोंढा. लोक घाबरतात ते इथेच, पण हाताला तो भाग बऱ्यापैकी सोयीचा आहे. प्रत्येक लाटेतले स्वर एकदम कॉर्डसारखे दाबून हाताची जागा पक्की करा, मग उलगडा. अंगठा खालून नेताना कोपर बाहेर फेकलं की नेमक्या त्याच स्वरावर धक्का बसतो. मनगट आडवं सरकू द्या. पेडल खर्जाचा स्वर बदलेल तेव्हाच बदलायचं, आणि तेही स्वर वाजल्यावर लगेच. स्वराच्या आधी बदललं तर मध्ये खंड पडतो.

डिजिटल पियानो असेल तर दोन गोष्टी तपासा. सोबत मिळणारं चौकोनी प्लॅस्टिकचं पेडल बहुधा नुसतं चालू-बंद करतं, अर्धं दाबण्याचा उपयोग होत नाही. हाफ पेडल चालणारं वेगळं घ्यावं लागतं, आणि आपला पियानो ते ओळखतो का हेही आधी बघावं. दुसरं, पॉलिफोनी (एका वेळी किती स्वर वाजू शकतात तो आकडा) ६४ किंवा त्याहून कमी असेल तर लांब पेडलात आधीचे स्वर मध्येच गळू शकतात. दोष वाजवणाऱ्याच्या पायाचा नसतो.

पुढचा टप्पा ऑपस २४ मधला नववा, डी फ्लॅट मेजरमधला ‘रोमान्स’. सा काळी एक, बोटांना फार आरामाची पट्टी. इथे ऑक्टेव्ह आणि भरघोस कळस आहे, ऐकणाऱ्यांना लगेच आवडतो. पण त्याआधीच सगळा जोर संपवला तर कळसाला आवाज उरत नाही. मधल्या मेत्सो-फोर्तेंना (मध्यम जोराच्या जागांना) हात आखडताच ठेवा.

खरा ऐवज मात्र १९१२ च्या तीन सोनाटिना (छोट्या सोनाटा, म्हणजे अनेक भागांच्या वाद्यरचना), ऑपस ६७. पहिली एफ शार्प मायनरमध्ये, काळी तीनवर. कागदावर इतके कमी स्वर की सोपी वाटते. एका वेळी दोन-तीनच आवाज चालू असतात, त्यामुळे काही झाकता येत नाही. ऑर्केस्ट्राचा रचनाकार म्हणून रिकाम्या जागा पेडलने भरल्या की ती मेलीच. विराम मोजून पाळा, आधी कोरडी वाजवा, पेडल शेवटी. कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्डने १९७० च्या दशकात या तिन्ही आणि सिबेलियसचीच ‘किलिक्की’ ध्वनिमुद्रित केल्या. त्यात मायक्रोफोन जवळ-दूर ठेवून एकाच पियानोला वेगवेगळी अंतरं दिली आहेत; हेडफोन लावून ऐका.

आणि हो, अकूस्टिक पियानो असेल तर ट्यूनिंगची वेळ साधा. बडोद्याच्या पावसाळ्यात साउंडबोर्ड (तारांचा आवाज वाढवणारी लाकडी फळी) फुगतो आणि मधली सप्तकं चढतात, हवा कोरडी झाली की उतरतात. जुलैत लावलेला पियानो हिवाळ्यात टिकत नाही. दिवाळीनंतर, हवा स्थिरावल्यावर लावून घ्या. सोनाटिनांमध्ये किंचित बेसूर तारही उघडी पडते.

नोटेशनसाठी अडून राहू नका. सिबेलियस १९५७ मध्ये गेला, त्यामुळे त्याच्या हयातीत छापलेल्या रचना भारतात २०१८ पासून कॉपीराइटमुक्त आहेत. नव्या संपादित आवृत्त्यांचे हक्क वेगळे असतात, तेव्हा छापील प्रत जुनी बघा.